रिक्त पद अचानक पडत नाही : शिक्षणमंत्री आणि वित्तमंत्र्यांना एका निवृत्त बाईंचं खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री आणि मा. वित्त मंत्री, महाराष्ट्र राज्य;
तसेच देशातल्या बाकी राज्यांत याच दोन खुर्च्यांवर बसलेले सर्व जण

विषय : शाळेला शिक्षक मिळण्याबाबत.
संदर्भ : माझ्या सेवापुस्तकाचं पहिलं पान.

महोदय,

संदर्भात शासन निर्णयाचा क्रमांक नाही म्हणून पत्र परत पाठवू नये. चौतीस वर्षं मी क्रमांकांची पत्रं वाचली आणि लिहिली. आता निवृत्त आहे, 'योग्य मार्गाने' अर्ज करायचं बंधन सुटलंय, म्हणून थेट लिहिते. दोघांना मिळून लिहिते त्याला कारण आहे. भरतीचं विचारलं की शिक्षण विभाग म्हणतो फाईल वित्तकडे आहे, आणि वित्त म्हणतं त्रुटी काढून परत पाठवली. एकाच पत्रावर दोघांची नावं असली की निदान हे पत्र तरी मधल्या जिन्यात अडकणार नाही.

माझ्या सेवापुस्तकात जन्मतारीख आहे १ जून १९६४. खरी तारीख आईलाही ठाऊक नव्हती. 'लावणी चालू होती' एवढंच ती सांगायची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावली. आमच्या पिढीत अशी १ जूनवाली माणसं घरोघरी सापडतात. जिल्हा परिषदेचा शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो आणि एक तारखेचा जन्म असला तर आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी जातो. म्हणजे दर ३१ मे रोजी शिक्षकांचा एक मोठा जथा एकदम सेवेतून बाहेर पडतो, आणि पंधरा दिवसांनी शाळेची घंटा वाजते. मी ३१ मे २०२२ रोजी जाणार हे शासनाला मी १९८८ साली रुजू झाले त्याच दिवशी कळलं होतं. चौतीस वर्षांची आगाऊ सूचना. तरी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझ्या खुर्चीवर कोणी नव्हतं.

कोणी अवेळी वारलं, कोणी राजीनामा दिला, अशी पदं थोडी. बाकीची सगळी तारीखवार ठरलेली असतात. आमचे पगार शालार्थवरून निघतात, जन्मतारखा तिथेच आहेत; पुढच्या दहा वर्षांत कोणत्या वाडीतला कोणता शिक्षक कोणत्या महिन्यात जाणार याची यादी दुपारच्या चहाआधी निघेल. त्यामुळे 'शिक्षकांचा तुटवडा निर्माण झाला आहे' हे वाक्य ऐकलं की मला कसंसंच होतं. जणू पाऊस कमी झाला. महोदय, हा तुटवडा ठेवलेला आहे. एक पद वर्षभर भरलं नाही की एका माणसाचा वर्षाचा पगार वाचतो, आणि ही बचत कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. रस्ता अर्धवट राहिला तर खड्डे दिसतात. चौथीतल्या मुलीला वजाबाकीचा हातचा कळला नाही, हे तिच्या आईलाही दिसत नाही.

मी नोकरीत आले तीसुद्धा तुटवड्याच्याच वाटेनं. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापाठोपाठ १९८७ साली खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या आणि निदान दोन शिक्षक, शक्यतो त्यातली एक बाई, असं तिचं वचन होतं. मी ती 'त्यातली एक बाई'. कोकणातल्या ज्या वाडीत मला पाठवलं तिथे गुरुजी एकटेच पहिली ते चौथी सांभाळत होते. फळ्यावर खडूनं तीन उभ्या रेघा मारलेल्या, चार इयत्तांचे चार रकाने. पहिल्या रकान्यात अ-आ, शेवटच्यात अपूर्णांक. मी हजर झाल्याचा कागद दिला तो त्यांनी घडी करून खिशात घातला, डस्टर उचललं आणि दोन रेघा पुसल्या. 'पहिली-दुसरी तुमची,' म्हणाले. एवढाच माझा स्वागत समारंभ.

त्या वचनाला आता जवळजवळ चाळीस वर्षं होतील. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्राच्या यू-डायस प्लसच्या २०२४-२५च्या आकडेवारीत देशात १,०४,१२५ एकशिक्षकी शाळा आहेत आणि त्यांत ३३ लाखांहून अधिक मुलं शिकतात. सगळ्यात जास्त आंध्र प्रदेशात, मग उत्तर प्रदेश, झारखंड. चौथा नंबर आपला, ८ हजारांहून अधिक शाळा. पुरोगामी वगैरे म्हणवणाऱ्या राज्याचा हा नंबर एकाही होर्डिंगवर मी पाहिलेला नाही.

याच अहवालात देशातल्या शिक्षकांची संख्या पहिल्यांदा एक कोटीच्या वर गेल्याचं आहे. एका शिक्षकामागे मुलं किती, तर पायाभूत स्तरावर (दुसरीपर्यंत) १०, पूर्वतयारीच्या स्तरावर (तिसरी ते पाचवी) १३, पुढच्या स्तरावर (सहावी ते आठवी) १७, माध्यमिकला २१. आकडे झकास आहेत. पण सरासरीला वाडी माहीत नसते. आणखी एक आकडा त्याच कागदांत आहे: ७,९९३ शाळांत एकही मूल नाही, आणि तिथे २०,८१७ शिक्षक नेमलेले आहेत, त्यांतले बहुतेक पश्चिम बंगालात. हे वीस हजार आणि ते एक लाख एकाच बेरजेत घातले की सरासरी गुळगुळीत होते. संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीनं २०२५ साली केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेच्या कक्षेतल्या शाळांत सुमारे १० लाख पदं रिक्त असल्याचं नोंदवलं, त्यातली साडेसात लाखांच्या आसपास आठवीपर्यंतची. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २६ सांगतं की रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत. कलम मोडल्याबद्दल कोणाची वेतनवाढ रोखल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमची मात्र शालेय पोषण आहाराचा ताळा दोन किलोनं चुकला तरी रोखायची भाषा होते.

आणि १० लाख हाही पुरता आकडा नव्हे, कारण तो मंजूर पदांतून मोजलेला आहे. मंजूर पदच कमी केलं की रिक्त पद आपोआप नाहीसं होतं. मुलांच्या पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवणारी संचमान्यता नावाची जी वार्षिक शस्त्रक्रिया आहे तिच्यात हे घडतं. १५ मार्च २०२४च्या निर्णयावर शिक्षक संघटना उठल्या त्या याचसाठी: सहावी ते आठवीला २० पेक्षा कमी मुलं असली तर तिथलं पदच गळतं. मग त्या मुलांना विज्ञान कोणी शिकवायचं? कागदावर तिथे तुटवडा नाही, कारण पद नाही. शिवाय संचमान्यतेत मूल धरलं जातं ते आधार जुळलं तरच. आमच्या शाळेत दोन कातकरी बहिणी होत्या, दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायच्या, पावसाच्या तोंडावर परत यायच्या. एकीच्या आधारवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं. त्या माझ्यासमोर बसून जेवत होत्या, हातावर मी मारलेला छडीचा वळही होता (होय, एकदा मारली होती, अजून लागतं), पण पोर्टलच्या मते त्या नव्हत्या.

आता माझ्या पदाचं पुढे काय झालं ते सांगते.

मी गेले तेव्हा बरोबरचे सर मागे राहिले. ते मराठवाड्यातले, बारा वर्षं कोकणात. आई अंथरुणाला खिळलेली, बायको गावी, आंतरजिल्हा बदलीचा अर्ज दर खेपेला. २०२३ साली त्यांची बदली झाली. पेढे मीच वाटले, कारण त्या माणसानं एकही दिवाळी सुखानं घरी घालवलेली नव्हती. बदलीला माझा विरोध नाही. पण ते गेले त्या दिवशी शाळा शून्यशिक्षकी झाली. शेजारच्या वाडीतले गुरुजी 'कामगिरीवर', म्हणजे तात्पुरते, आठवड्यातून तीन दिवस येऊ लागले, म्हणजे त्या तीन दिवशी त्यांची शाळा उघडी पडली. एका फाटक्या जागेला ठिगळ लावायला दुसरीकडची शिवण उसवायची, ही पद्धत कोकणात इतकी मुरलीय की तिला आता सोय म्हणतात.

जुलै २०२३मध्ये परिपत्रक निघालं: शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नियमित शिक्षक येईपर्यंत निवृत्तांना २०,००० रुपये मानधनावर घ्यावं. आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याच्या केंद्रप्रमुखांचा फोन आला, 'बाई, येता का?' मी गेले. माझ्याच रिक्त पदावर मीच! मुलांना काहीच वेगळं वाटलं नाही. एकानं फक्त विचारलं, 'बाई, तुमची सुट्टी संपली काय?'

२०२४च्या उन्हाळ्याच्या तोंडावर एक शिक्षणसेविका, म्हणजे सुरुवातीची वर्षं मानधनावर काम करणारी नवी शिक्षिका, आली आणि मी दुसऱ्यांदा घरी गेले. मुलगी हुशार आहे. पात्रता परीक्षा (टीईटी), भरतीची अभियोग्यता चाचणी, सगळं पार करून आलेली. तिला तीन वर्षं १६,००० रुपये मानधन. पेन्शन घेणाऱ्या मला २०,००० आणि खोलीचं भाडं भरून, गावी पैसे पाठवून, चार इयत्ता शिकवणाऱ्या तिला १६,०००. वित्त विभागात गणितं कोण तपासतं, कळलं तर बरं होईल. तीही लांबच्या जिल्ह्यातली आहे. बदलीचा अर्ज करता येईल त्या दिवशी ती करणार, आणि मी तिला दोष देणार नाही.

शाळेत ती एकटी आहे. दुसरं पद रिकामंच.

एकटीनं चार इयत्ता म्हणजे काय ते साध्या हिशेबात मांडते. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवलं गेलं पाहिजे. शिक्षक एक आणि इयत्ता चार, म्हणजे प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला बाई येते २०० तास. दिवसाला एक तास. उरलेले तीन तास मूल वहीत डोकं घालून बसतं. बहुवर्ग अध्यापन जमतं हो, मी वीस वर्षं केलंय. मोठ्यांना गटानं बसवायचं, लहानांना त्यांच्याकडे द्यायचं. पण ते दोन इयत्तांना जमतं, आणि बाई वर्गात असेल तर जमतं.

मागच्या पावसाळ्यात एसटीची वाट बघत होते, गाडी लागली नव्हती, म्हणून शाळेकडे चक्कर टाकली. शिक्षणसेविका तालुक्याला प्रशिक्षणाला गेलेली. व्हरांड्यात पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, हातात पळी. हजेरीपत्रक त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्या ताटं मोजत होत्या: 'बावीस. एक कमी हाय. कोण नाय रे?' आत चौथीतली एक मुलगी टेबलाजवळ उभी राहून बेचा पाढा सांगत होती, पहिली-दुसरी तिच्या मागून म्हणत होती. फळ्यावर तीन उभ्या रेघा. मी चपला काढून आत जाणार होते, तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला आणि मी गेले. दवाखान्याची वेळ घेतलेली होती. तरीही, सांगून टाकते, दिवसभर मला त्या दवाखान्यात बसवेना.

प्रशिक्षण एक झालं. शिवाय केंद्राची बैठक, यू-डायस आणि सरल पोर्टलवरची माहिती, मुलांचे अपार आयडी, पोषण आहाराची रोजची नोंद, चव नोंदवही, नवसाक्षरांचं सर्वेक्षण, मतदारयादीचं बीएलओचं काम. २०२७ची जनगणना दारात उभी आहेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं शिक्षकाला फक्त जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्याच अशैक्षणिक कामांना लावता येतं, आणि २००७ साली सर्वोच्च न्यायालयानं निवडणुकीचं कामसुद्धा शक्यतो सुट्टीच्या, न शिकवण्याच्या दिवशी द्या म्हणून सांगितलं. दहा शिक्षकांच्या शाळेतून एक गेला तर वर्ग जोडून घेता येतात. एकशिक्षकी शाळेतून एक गेला तर शाळा गेली. एवढा फरक आदेश काढणाऱ्याला कळावा म्हणून आदेशाच्या नमुन्यात एक रकाना वाढवायला काय हरकत आहे: 'सदर शिक्षक गेल्यास शाळेत कोण उरते?'

यावर आपलं उत्तर मला ठाऊक आहे: पटच नाही तर शिक्षक कशाला? २०२३ साली छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विषय निघाला तेव्हा शासनाचेच आकडे समोर आले. २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा, १,८५,४६७ मुलं, २९,७०७ शिक्षक. सहा मुलांमागे एक शिक्षक, चैन चालली आहे, असं ते वाचताना वाटतं. पण शाळेमागे मोजले तर ओढूनताणून दोनच पडतात. आणि चार इयत्ता सहा मुलांच्या असोत की साठ, त्या चारच असतात. वाड्या रिकाम्या होत आहेत, चाकरमानी मुंबई-पुण्याला पोरं घेऊन चाललेत, हे मी नाकारत नाही. ज्या वाडीत तीनच मुलं उरली तिथली शाळा हलवायची तर पालकांशी बोलून, गाडीची सोय करून हलवा. मी विरोधाला उभी राहणार नाही. मात्र पट आधी घटला की शिक्षक आधी गेला, हे शाळेगणिक तपासा. आमच्याकडे सर गेले त्या वर्षीच फाट्यावर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी थांबायला लागली. सकाळी साडेसातला पाच मुलं त्या गाडीत चढतात. त्यांच्या आयांनी मला सांगितलं, 'बाई, तुम्ही होतात तोवर पाठवली. आता मास्तरच नाय तर पाठवू कुणाकडं?' पुढच्या संचमान्यतेत ही पाच मुलं आमच्या पटातून वजा झाली.

सप्टेंबर २०२४मध्ये छोट्या शाळांतल्या दोनपैकी एका जागी १५,००० रुपयांवर कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय निघाला, राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा टाकल्या, निर्णय बदलावा लागला. त्या गोंधळात एक गोष्ट आपण स्वतःच मान्य करून बसलात: दुसरा माणूस लागतो. फक्त तो स्वस्तात हवा होता.

आता नवी भर. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागेल. माझी एक मैत्रीण पन्नाशीची आहे, रात्री भांडी आवरून चष्मा पुसत बालमानसशास्त्राच्या प्रश्नपत्रिका सोडवते. शिक्षकानं परीक्षा द्यावी, त्यात कमीपणा नाही. पण दोन वर्षांनी जे उत्तीर्ण होणार नाहीत त्यांच्या जागी कोण, याचा अंदाज आज कोणत्या टेबलावर मांडला जातोय? ही तारीखही, माझ्या जन्मतारखेसारखी, आधीच कळलेली आहे.

भरतीला वेळ लागतो असं म्हणू नका. २०१२ पासून आपण भरती बंद ठेवली. पहिली अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७मध्ये, दुसरी २०२३ साली. मधल्या पाच वर्षांत डी.एड. झालेली मुलं वडापाव विकताना, रिक्षा चालवताना मी पाहिली. त्यांतला एक माझा विद्यार्थी. उलट बिहारनं २०२३च्या मे अखेरीस जाहिरात काढली, ऑगस्टमध्ये परीक्षा घेतली आणि २ नोव्हेंबरला १ लाख २० हजारांहून अधिक नियुक्तिपत्रं हातात ठेवली. बिहारच्या शाळांची तिथल्या लोकांना पुष्कळ गाऱ्हाणी असतील, पण जाहिरात ते नियुक्ती पाच-साडेपाच महिने, हे तिथे झालं. घाई करताना भरती स्वच्छ ठेवावी लागेल, तेही आलं. बंगालमध्ये २०१६च्या भरतीतला घोळ एवढा निघाला की एप्रिल २०२५मध्ये २५ हजारांहून अधिक नेमणुका न्यायालयानं एका फटक्यात रद्द केल्या. आपल्याकडे टीईटी घोटाळ्यात सात हजारांहून अधिक उमेदवार बाद झाले. पैसे घेऊन पदं विकली की काही वर्षांनी तिथे पुन्हा रिकाम्या खुर्च्याच उरतात.

मला हवंय ते फार नाही. दर ऑक्टोबरमध्ये पुढच्या वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांची शाळावार यादी सगळ्यांना दिसेल अशी लावा, आणि तिच्यावरूनच जाहिरात काढा, म्हणजे ३१ मेला जाणाऱ्याच्या जागी शाळा उघडायच्या आत माणूस हजर होईल. बदली झालेल्याला नवा येईपर्यंत अडकवू नका, पण नवा आणणं हे बदलीच्या आदेशाच्याच दुसऱ्या ओळीत लिहा. पट कितीही असो, चालू असलेल्या शाळेत दुसरं पद संचमान्यतेच्या कात्रीबाहेर ठेवा. प्रत्येक केंद्राला संगणकावर माहिती भरणारा एक माणूस द्या. त्याचा पगार वर्षभरात वाया जाणाऱ्या शिकवण्याच्या तासांपेक्षा स्वस्त पडेल, हवं तर वित्तनं तपासावं. आणि यू-डायसमध्ये एक नवा प्रश्न घाला: या वर्षी या शाळेत शिक्षक नसताना शाळा किती दिवस भरली? शौचालयाचे नळ मोजता, संगणक मोजता, हेही मोजा.

शिक्षणसेविकेला पुढच्या आठवड्यात पुन्हा तालुक्याला बोलावलंय. शाळेची चावी सध्या शिजवणाऱ्या ताईंकडे असते, त्यांच्या पदराच्या गाठीला. अधिकाऱ्यांनी भेटीला यायचं ठरवलं तर शाळेत फोन करू नये, उचलायला कोणी नसतं. ताईंच्या घरी निरोप द्यावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका

प्रत माहितीस्तव :
१) सर्व आमदार व खासदार, आपापल्या मतदारसंघातल्या एकशिक्षकी शाळांची नावं पाठ असल्यास.
२) माझ्या जागी पुढे कधीतरी येणारे शिक्षक.
३) शिजवणाऱ्या ताई. (वाचून दाखवलं आहे. त्यांनी 'बावीस नव्हं, आता एकवीस' अशी दुरुस्ती सांगितली.)